जुन्या गाडीचा टूलबॉक्स : वाचक विचारतात

मागच्या अंकात पावसाळ्याआधी गाडी कशी तपासायची ते लिहिलं होतं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहेत, जुन्या ट्रकमध्ये जवळ काय ठेवायचं आणि काय नाही. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, फक्त गाव.

प्रश्न (कराड) : दादा, मी २००९ मॉडेलची टाटा १६१३ सेकंडहँड घेतलीय. वाशी मार्केटला जातो, अधूनमधून आंबा घाटातून रत्नागिरीला पण भाडं असतं. सासरे जुने ड्रायव्हर, त्यांनी मला एक पोतंभर सामान दिलंय, त्यात क्लच प्लेट, जुना सेल्फ (इंजिन चालू करायचा स्टार्टर), दोन गिअर, बेअरिंगं, काय काय. उचलत नाही एकट्याला. माझा ड्रायव्हर म्हणतो की हे सगळं भंगारात घाला, आता हायवेला दर पाच किलोमीटरला गॅरेज आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचं अर्धं अर्धं ऐका, पण सासऱ्यांना सांगू नका की मी असं म्हणालो.

सासरे ज्या काळात गाडी चालवायचे तेव्हा रात्री घाटात गाडी बंद पडली की सकाळपर्यंत कोणी फिरकत नसे, म्हणून ते घरचं गॅरेज गाडीत घेऊन फिरायचे. ड्रायव्हर म्हणतो ते पण खरंय, गॅरेज आहेत. पण त्या गॅरेजात सामान कशाचं असतं ते बघा. आता हायवेच्या कडेला बहुतेक काम बीएस ६ गाड्यांचं, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचं, पोरगा लॅपटॉप नाहीतर स्कॅनर घेऊन येतो आणि तुमच्या गाडीला स्कॅनर लावायला जागाच नाही. तुमच्या डिझेल पंपाला हात लावणारा म्हातारा मिस्त्री घरी गेलेला असतो आणि पार्ट "उद्या दुपारी नाना पेठेतून मागवतो" असं उत्तर मिळतं. पुण्यात नाना पेठेत मिळतोच हो, पण तुम्ही उभे खंबाटकीत.

मी कुठलाही पार्ट गाडीत ठेवायचा का हे ठरवताना स्वतःला तीन गोष्टी विचारतो. हा गेला तर गाडी जागेवर थांबते का? हा मी माझ्या पान्यांनी, रस्त्याच्या कडेला, भरल्या गाडीखाली न शिरता तासाभरात बसवू शकतो का? आणि हा रात्री दहा वाजता पन्नास किलोमीटरच्या आत मिळेल का? पहिल्या दोनचं उत्तर हो आणि तिसऱ्याचं नाही असेल तर तो पार्ट गाडीत. क्लच प्लेट गेली तर गाडी थांबते, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ती बदलता येत नाही, आणि गिअरबॉक्स तुम्ही घाटात उतरवणार आहात का? मग ती घरी ठेवा, भंगारात नको, घरी. गिअर तर नकोच. जुना सेल्फ चालू असेल तर तो पण घरी.

आता माझीच फजिती सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काम शिकून मी पहिली गाडी घेतली होती आणि मला वाटायचं की माझ्याइतका तयारीचा माणूस नाही. आंबा घाटात फॅन बेल्ट तुटला. मी अगदी ऐटीत सीटखालून नवा बेल्ट काढला, दोन वर्षं जपलेला, कागदात गुंडाळलेला. डायनॅमोचा बोल्ट ढिला करायला गेलो तर त्या साइजचा पाना गॅरेजात राहिलेला. मग एका ट्रकवाल्याला हात केला, त्याने पाना दिला, बोल्ट ढिला केला, बेल्ट लावला तर तो लांब. दुकानदाराने दिला, मी घेतला, एकदा पण लावून बघितला नव्हता. डायनॅमो पार शेवटपर्यंत ओढला तरी बेल्ट लोंबतोय. साखरप्यापर्यंत पायी गेलो. तेव्हापासून माझं एक ठरलेलंय, नवा पार्ट आणला की तो आधी गाडीला लावायचा, आणि गाडीवरचा जो चालू पार्ट निघाला तो स्पेअर म्हणून ठेवायचा. तो बसतो हे माहीत असतं, चालतो हे पण माहीत असतं, आणि तो काढताना कुठले पाने लागले ते पण कळतं. तेच पाने त्याच पिशवीत.

तुमच्या गाडीसाठी मी काय ठेवेन ते सांगतो. बेल्ट, इंजिनवर जितके असतील तितक्यांचा सेट, आणि जिथे एका पुलीवर जोडी आहे तिथे जोडीच बदलायची, एक जुना एक नवा लावला की सगळा ताण नव्यावर येतो. अंगठ्याने मधोमध दाबला की साधारण बोटाच्या रुंदीइतका दबला पाहिजे. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज, प्रत्येकी एक, आणि क्लिप चार. होजला पैसे फार लागत नाहीत पण त्याच्यामुळे इंजिन जातं. पाण्याचा वीस लिटरचा कॅन, स्वच्छ पाण्याचा, आणि इंजिन तापलं असेल तर अर्धा पाऊण तास थांबून मगच, टोपीवर ओलं फडकं टाकून, पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवून वाफ जाऊ द्यायची. कोरड्या तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेडला तडा, मग स्पेअरचं पोतं घेऊन काय करणार.

डिझेलच्या लाइनचं सामान मात्र भरपूर ठेवा, जुन्या गाड्या इथेच जास्त थांबतात. दोन्ही डिझेल फिल्टर, त्यांची रबरं, बँजो बोल्ट (डिझेल पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) एक-दोन आणि तांब्याचे वॉशर मूठभर. रबरी डिझेल पाइप मीटरभर. कुठेतरी खराब डिझेल भरलं, फिल्टर चोक झाला, बदलला, आणि मग गाडी एअर धरते, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते. इथेच लोक सेल्फ मारून मारून बॅटरी संपवतात. फिल्टरच्या वरचा एअरचा स्क्रू ढिला करायचा, फीड पंपाचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने मारायचा छोटा पंप, मारत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल, ते वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच पंपाच्या स्क्रूला. तरी उचलली नाही तर इंजेक्टरच्या टोकाचे पाइपाचे नट एक दोन फेरे ढिले करून सेल्फ मारायचा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद आणि मध्ये मिनिटभर विश्रांती. आणि त्या वेळी हात, तोंड लांब. इंजेक्टरमधून डिझेल ज्या प्रेशरने सुटतं ते कातडीतून आत घुसतं, बाहेरून टोचल्यासारखं दिसतं आणि आतून बोट सडतं. तसं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नाही, त्याच तासात दवाखाना. हे सगळं एकदा घरी अंगणात करून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे, पण अंधारात पहिल्यांदा करायला गेलात तर तीन तास.

स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करायची केबल, आणि ॲक्सिलरेटरची स्प्रिंग, या दोन बारीक वस्तू कोणाच्याच यादीत नसतात. स्प्रिंग तुटली की रेस खाली येत नाही. ती शंभर ग्रॅमची सुद्धा नाही, ठेवा.

हवेच्या ब्रेकचं सामान म्हणाल तर एक डायफ्राम (ब्रेकच्या चेंबरमधलं रबर), एअर पाइपचा तुकडा आणि युनियन, म्हणजे पाइप जोडायचा जोड. त्यापुढे ब्रेकला जुगाड करायचा नाही. विशेषतः मागच्या चाकांच्या स्प्रिंगवाल्या चेंबरचा पट्टा कधीच खोलायचा नाही, आत जी स्प्रिंग दाबून बसवलेली असते ती सुटली तर माणूस मरतो. हवा गेली आणि ब्रेक लॉक झाले तर सगळ्या चाकांना ठोकळे लावून चेंबरच्या बोल्टने ब्रेक सोडवता येतो, पण तो गाडी रस्त्यातून बाजूला घेण्यापुरता, त्याच्यावर घाट उतरण्यासाठी नाही. बोल्ट चेंबरच्या बाजूलाच लावलेला असतो, तुमच्या गाडीवर तो आहे का ते आजच बघा, जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा गायब असतो.

पाट्याचा, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, सेंटर बोल्ट एक ठेवा, तो ठेवायचं कारण वेगळं आहे. तुम्ही स्वतः बसवणार नाही, पाटेवालाच बसवेल, पण पाटे वाढवलेल्या जुन्या गाडीला लागणारा लांबीचा बोल्ट त्याच्याकडे असेलच असं नाही. पुढचा मेन पाटा तुटला तर गाडी हलवायचीच नाही, एक्सल सरकतो आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. मागचा तुटला तर माल उतरवून, साखळीने आवळून, चालत्या माणसाच्या वेगाने जवळच्या पाटेवाल्यापर्यंत, बस.

शिवाय इंजिन ऑइल पाच लिटर, जे गाडीत आहे तेच. बल्ब सगळ्या प्रकारचे दोन दोन, २४ व्होल्टचे. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेस दर वर्षी, त्यामुळे लाइट आणि वायपरचा हिशेब तसाही ठेवावाच लागतो. वायर, इन्सुलेशन टेप, बाइंडिंग तार, जुनी ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या. या ट्यूबच्या पट्ट्यांनी मी जितकी कामं केलीत तितकी कुठल्या महाग टेपने झाली नाहीत.

आणि एक वही. बेल्टचा नंबर, फिल्टरचा नंबर, कुठल्या तारखेला किती किलोमीटरला काय बदललं. वर्षभराने वही वाचलीत तर पोत्यात काय हवं ते तुमची गाडीच सांगेल, माझी यादी फेकून द्या. कोणाची गाडी होज खाते, कोणाची व्हील सिलिंडर खाते.

प्रश्न (सांगली) : सर, हळदीचाच माल भरतो म्हणून विचारतोय, हसू नका. रेडिएटर गळत असेल तर हळद टाकतात म्हणे. आणि डिझेल टाकीला साबण. हे खरं का नुसतं?

उत्तर : सांगलीच्या माणसाने हे विचारावं म्हणजे... बरं. दोन्ही खरं आहे, दोन्हीला मर्यादा आहेत.

हळदीची पूड गरम पाण्यात फुगते आणि रेडिएटरच्या जाळीत टाचणीएवढं भोक असेल तिथे जाऊन बसते. मूठभर पुरते. पण होज फुटला असेल, वॉटर बॉडीतून (पाण्याच्या पंपातून) गळत असेल तर पोतं रिकामं केलंत तरी काही होणार नाही. आणि गळणारं भोक बुजवते तशीच ती चांगल्या नळ्या पण बुजवते, त्यामुळे गावात पोचलात की रेडिएटर उलटा धुवून घ्यायचा, झाळून घ्यायचा. माझ्याकडे एक गाडी आली होती, मालकाने तीन महिने दर आठवड्याला हळद टाकली होती, रेडिएटर खोलला तर आत पिठल्यासारखं.

साबणाचं शास्त्र सोपं आहे, कपड्याचा वडीचा साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून टाकीच्या जोडावर घासून दाबला की गळती थांबते. पाण्यात विरघळतो हे लक्षात ठेवा, पावसात वरून टेप गुंडाळा. प्रेशरच्या पाइपाला साबण टिकत नाही. एम-सील पण ठेवा, फक्त जागा कोरडी हवी, पॉलिश पेपरने खरवडलेली हवी आणि वाळायला वेळ द्यायला हवा, तेलकट पत्र्यावर लावून लगेच निघालात तर चाळीस किलोमीटरवर ते कुठेतरी रस्त्यात पडलेलं असतं. टाकीला वेल्डिंग मात्र रस्त्यावरच्या कोणाकडून करून घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

प्रश्न (लासलगाव) : माझे मिस्टर ४०७ चालवतात, स्वतःचीच आहे, कांदा घेऊन रात्रीचे कसारा घाटातून मुंबईला जातात. गाडी जुनी आहे. पार्टचं ते बघतात, त्यातलं मला कळत नाही. पण ते रस्त्यात अडकले तर त्यांच्यासाठी गाडीत काय असावं? त्यांना बीपी पण आहे. मी विचारलं की म्हणतात ढाबा आहे की.

उत्तर : ताई, या वेळच्या सगळ्या प्रश्नांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. गाडीसाठी बेल्ट ठेवणारे शंभर भेटतात, स्वतःसाठी पाण्याची दुसरी बाटली ठेवणारे दहा.

आधी गाडी उभी राहिल्यावरचं बघू, कारण माणसं बिघाडाने मरत नाहीत, उभ्या गाडीवर मागून येऊन धडकल्याने मरतात. रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण आहे का ते बघा, आणि एक नाही दोन ठेवा. सपाट हायवेला निदान शंभर पावलं मागे, घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी त्रिकोण दिसला पाहिजे. चमकणारं जॅकेट घालूनच खाली उतरायचं, स्वस्त मिळतं, दोन घ्या. बॅटरी, म्हणजे टॉर्च, डोक्याला बांधायची घ्या, एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्याने पाना मारता येत नाही आणि दातात धरायचं वय गेलं आता. गाडीच्या मागच्या लाल रिफ्लेक्टर पट्ट्या चिखलाने झाकल्या असतील तर निघताना फडकं मारा, हे काम तुम्ही पण करू शकता, पार्टचं ज्ञान लागत नाही.

आणि मिस्टरांना माझ्याकडून सांगा, त्रिकोण नाही म्हणून लोक झाडाच्या फांद्या आणि दगड लावतात, ठीक आहे, पण निघताना ते दगड उचलून कडेला टाकल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. रात्री मोटरसायकलवाला त्या दगडांवरच जातो. मला याचा भयंकर राग येतो, किती वेळा मी थांबून दुसऱ्यांचे दगड उचललेत.

ढाबा आहे हे खरं, पण गाडी ढाब्यासमोर बंद पडत नाही. पिण्याचं पाणी पाच लिटर, रेडिएटरच्या कॅनपासून वेगळं आणि वेगळ्या रंगाच्या कॅनमध्ये. खायला भडंग नाहीतर चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, हे डब्यात महिनाभर टिकतं, पण बीपी आहे म्हणताय तर खारे शेंगदाणे नकोत, साधे भाजलेले. दशम्या दिल्यात तर दोन दिवस. ओआरएसची पाकिटं चार. बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्या जास्तीच्या, डॅशबोर्डवर नाही, तिथे उन्हात गोळ्या खराब होतात, सीटमागच्या डब्यात. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स डब्यात. चादर, रेनकोट, जुने कपडे.

प्रथमोपचाराची पेटी गाडीबरोबर आलेली असते ती उघडून बघा, बहुतेक वेळा आत पिवळी पडलेली पट्टी आणि आटलेलं आयोडीन असतं. जाळीची पट्टी, रोलर बँडेज, कापूस, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे एवढं नवीन भरा. रेडिएटरच्या वाफेने भाजणं हे ट्रकवाल्यांचं नेहमीचं, त्यावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, तेल नाही, हळद पण नाही. उन्हाळ्यात गाडीच्या सावलीत, चाकांच्या मधे अंग टाकायची सवय असेल तर ती मोडा, साप विंचू तर आहेतच पण गाडी सरकली तर संपलं. थंडीत केबिनच्या काचा बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवायची नाही, झोपेतच गुदमरायला होतं.

आग विझवायचा सिलिंडर एबीसी पावडरचा, काटा हिरव्यात आहे का ते बघायचं आणि महिन्यातून एकदा उलटासुलटा हलवायचा, नाहीतर पावडर तळाला घट्ट बसते. ठेवायचा ड्रायव्हरच्या दारापाशी, सीटच्या मागे सामानाखाली नाही. जुन्या गाडीत आग बहुतेक वायरिंगमधून लागते, म्हणून बॅटरीचं टर्मिनल खोलायचा पाना बॅटरीपाशीच तारेने बांधून ठेवायला सांगा.

नंबर कागदावर लिहून काचेला चिकटवा, मोबाइल संपला तर पाठ कोणालाच नसतात : ११२, अँब्युलन्स १०८, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आणि खाली तुमचा स्वतःचा.

प्रश्न (सोलापूर) : टायर बदलायला आम्ही दोघं असतो, मी आणि किन्नर, म्हणजे क्लीनर. जॅक दहा टनी आहे, पुरे का? मागच्या वेळी जॅक जमिनीत गेला. रिंगवाली डिस्क आहे.

उत्तर : जॅक जमिनीत गेला तो जॅकचा दोष नाही, तुमच्याकडची काळी माती. दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद कडक लाकडाची फळी जॅकखाली घ्या, लोखंडी पत्रा घसरतो. दहा टनी चालतो कसाबसा, पण भरलेल्या गाडीला वीस टनी जॅक सुखाचा आणि हँडल हलकं चालतं. जॅक उभाच ठेवा, आडवा ठेवला की तेल गळतं आणि नेमक्या वेळी वर जात नाही, महिन्यातून एकदा उचलून बघा. नट आधी ढिले करायचे, मग गाडी उचलायची. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, माहीत नसलेला माणूस पाइप घालून त्यावर उड्या मारतो आणि स्टड तोडतो. बदलल्यावर पन्नास एक किलोमीटरवर थांबून परत आवळायचे, हे कोणी करत नाही आणि मग चाक निघून पुढे जाताना दिसतं.

आता रिंगचं. नीट वाचा आणि किन्नरला पण वाचून दाखवा. रिंगवाल्या डिस्कवर टायर एका वेगळ्या लोखंडी लॉक रिंगने अडकवलेला असतो, त्यात हवा असताना त्या रिंगला टॉमी (लोखंडी पहार), हातोडा काहीही लावायचं नाही. आधी व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण सोडायची, जोडीचा टायर असेल तर डिस्क गाडीवरून काढायच्या आधी दोन्ही टायरची सोडायची. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती उडते, समोर माणूस असला तर वाचत नाही. भरायचं काम पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे, तुम्ही फक्त भरलेली स्टेपनी लावा. स्टेपनीची हवा दर आठवड्याला बघा, नाहीतर ती स्टेपनी नाही, नुसतं वजन. बरोबर एक ट्यूब आणि एक फ्लॅप ठेवा, टायरवाल्याकडे तुमच्या साइजचा नसला तर रात्र जाते. टॉमीचं आणखी एक काम म्हणजे जोडीत अडकलेला दगड काढणं, चहाला थांबलात की एक चक्कर मारून बघत जा.

प्रश्न (चिपळूण) : फ्यूज सारखा उडतो म्हणून ड्रायव्हरने सिगरेटच्या पाकिटाची चांदी लावलीय. चालतंय. आणि मोबाइल चार्जर एका बॅटरीवरून घेतलाय. बरोबर ना?

उत्तर : दोन्ही चूक. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी वायर घासून चॅसीला लागतेय, चांदी लावली की फ्यूजच्या जागी वायर जळते, आणि कोकणातल्या दमट हवेत जुन्या वायरिंगचं काय झालेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. फ्यूज पाच रुपयांचा, डझनभर ठेवा, पण दोन उडाले की तिसरा लावायचा नाही, वायर शोधायची. टेस्ट लॅम्प ठेवा, जुन्या बल्बला दोन वायरी जोडून घरी होतो. चार्जर १२ ते २४ व्होल्ट चालणारा मिळतो तो घ्या. एकाच बॅटरीवरून घेतलं की ती उतरत राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षात दोन्ही जातात.

प्रश्न (अहिल्यानगर) : गाडीत डिझेलचा कॅन ठेवावा का?

उत्तर : नको. पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही, एवढंच करा. जुन्या टाकीच्या तळाला जो गाळ असतो तो शेवटच्या डिझेलबरोबरच फिल्टरमध्ये येतो, शिवाय संपलं की परत एअर काढणं. काटा बंद असेल तर आधी काटा दुरुस्त करा.

प्रश्न (इंदूर) : आम्ही मूळचे जळगावचे, गाड्या इथून चालतात. ढाब्यावर गाडी लावली की टूलबॉक्स साफ. कुलूप तोडून नेतात. महागाचं सामान कुठे ठेवायचं?

उत्तर : बाहेरच्या बॉक्समध्ये फक्त जड आणि मळकं : जॅक, फळी, ठोकळे, साखळी, पाण्याचा कॅन. चोराला ते उचलायला जीवावर येतं. पाने, फिल्टर, बेल्ट, बल्ब हे केबिनमध्ये सीटखाली, कापडी पिशव्यांमध्ये कामाप्रमाणे लावून, डिझेलची एक पिशवी, पाण्याची एक, लाइटची एक, प्रत्येकीत त्या त्या कामाचे पाने. बेल्ट आणि रबरं प्लास्टिकच्या पिशवीत, ऑइलपासून लांब, ऑइल लागलेला बेल्ट नवा असून घसरतो. फिल्टरला धूळ लागू द्यायची नाही. पाने एकाच रंगाने रंगवा, भडक गुलाबी असेल तर उत्तम, ढाब्यावर उसना दिलेला पाना परत येतो आणि गवतात पडलेला पण दिसतो.

प्रश्न (फलटण) : बावीस वर्षं वापरलेली गाडी विकतोय. घेणारा म्हणतो सगळे स्पेअर पण द्या. द्यायचे का?

उत्तर : द्या. तुमच्या नव्या गाडीला त्यातलं काही बसणार नाही आणि घरात कोपरा अडवून बसेल. फिल्टर, बेल्ट, डायफ्राम, सेंटर बोल्ट, सगळं पिशव्यांसकट द्या, आणि वही असेल तर ती पण, त्याचे मात्र वेगळे पैसे मागा. जॅक ठेवून घ्या.